सहा नळ्यांची फोम डार्ट बंदूक: नेम नेमका कुठे चुकतो

नातीच्या नवव्या वाढदिवसासाठी एप्रिलमध्ये मी जांभळी नाक्याच्या बाजारातून सहा नळ्यांची फोम डार्ट बंदूक आणली. किंमत १,४०० रुपये आणि सोबत २४ डार्ट. याच साच्यातली बंदूक वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी ठाण्यात व वाशीत तीन-चार दुकानांत टांगलेली पाहिली असल्यामुळे खोक्यावरचे नाव इथे देण्याचे कारण नाही. वर्णनावरून ती सहज ओळखता येईल. सहा नळ्या एका गोल पिंपावर मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक नळी साधारण १० सेंटिमीटर लांब आहे. नळीच्या तळाशी एक बारीक खुंटी असून डार्टची पोकळ शेपूट तिच्यावर बसवायची असते. खालचा दांडा मागे ओढून पुढे ढकलला की पिस्टनमागची स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की पिस्टनने ढकललेली हवा समोर आलेल्या नळीत शिरते, आणि पुढच्या वेळी दांडा ओढताना पिंप एक घर फिरते. बाजूला एक खटका आहे. तो वर केला की हवेची वाट सहाही नळ्यांना एकदम मोकळी होते. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जाहिरात आहे ती याच खटक्याची.

पहिल्या संध्याकाळी आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलांनी रिकाम्या खोक्यांचा मनोरा रचला आणि आळीपाळीने नेम धरले. नातीचे सहापैकी चार डार्ट मनोऱ्याच्या बाजूने निघून गेले, आणि एक तर अर्ध्या वाटेत आडवा होऊन गटांगळ्या खात खाली पडला. मोठ्या मुलांनी तिला नेम जमत नाही असे ठरवून टाकले. वर आल्यावर ती मला म्हणाली, "आजोबा, मी सरळच धरली होती." तिचा हात मी पाहिला होता आणि तो खरोखर स्थिर होता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षे काम केलेल्या माणसाला हे वाक्य तसेच सोडून देता येण्याजोगे नव्हते. कारागिराचा हात चुकला की यंत्र चुकले, हे मोजल्याशिवाय कोणावरही ठपका ठेवायचा नसतो, अशीच आमची शिकवण होती.

दुसऱ्या दिवशी रात्री, गाड्या लागून रहदारी थांबल्यावर आणि खाडीकडून येणारा वारा पडल्यावर, आम्ही दोघे खाली गेलो. बंदूक मी जड पाटावर बसवलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात, रबराच्या पट्ट्या घालून हलक्या हाताने आवळली. टेपने मोजून ७ मीटरवर काळा कार्डशीट लावला. प्रत्येक डार्टचे टोक टाल्कम पावडरमध्ये बुडवले, म्हणजे कागदावर पांढरा ठिपका उमटावा. नातीने नळ्यांवर नेलपॉलिशने एक ते सहा आकडे घातले आणि मी डार्टवर बॉलपेनने. ही आकड्यांची खटपट अत्यावश्यक आहे, कारण अनेक नळ्यांच्या बंदुकीत दोन चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात. नळ्या एकमेकींना पूर्ण समांतर नसल्या तर प्रत्येक नळी आपापल्या जागी नेम लावते. आणि डार्ट एकसारखे नसले तर एकाच नळीतूनही ते वेगवेगळ्या वाटांनी जातात. बघणाऱ्याला दोन्ही प्रकारांत डार्ट फक्त विखुरलेलेच दिसतात.

म्हणून आधी एकच डार्ट एकाच नळीतून पाच वेळा सोडला. पाचही ठिपके आमटीच्या वाटीखाली झाकता येतील इतके जवळ पडले. मग तोच डार्ट सहा नळ्यांमधून एकेकदा सोडला, तेव्हा पाच ठिपके एका बशीत मावतील असे आले, मात्र तिसऱ्या नळीचा ठिपका त्यांच्यापासून चांगला वीतभर डावीकडे गेला. शेवटी पहिल्याच नळीतून बारा वेगवेगळे डार्ट सोडले. त्यांचे ठिपके झाकायला परात लागली असती, आणि दोन तर कार्डशीटच्या बाहेर भिंतीवर गेले. नळ्यांची चूक बशीएवढी आणि डार्टची परातीएवढी, असा हा हिशेब आहे. बंदुकीपुरते बोलायचे तर तिसरी नळी सोडल्यास कारखान्याने काम बरे केले आहे. तिसऱ्या नळीत टॉर्च मारून पाहिले तेव्हा तळाची खुंटी एका अंगाला कललेली दिसली. डार्टची शेपूट तिच्यावर तिरकी बसते, फोम नळीच्या एका बाजूला घासत जातो आणि डार्ट बाहेर पडतानाच किंचित वळलेला असतो.

आता डार्टकडे येतो, कारण या खेळण्याचे बरेवाईट त्याच्यावरच ठरते. खोक्यातला डार्ट ७२ मिलिमीटर लांब आणि जवळजवळ १३ मिलिमीटर जाड आहे. वजन सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅमच्या आसपास भरते. अंग फोमचे आणि मागून पोकळ, टोक मऊ रबराचे व गोल घुमटासारखे. अशी वस्तू हवेत सरळ जाते ती एकाच कारणाने: तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, पुढे असतो आणि हवेचा रेटा जिथे एकवटतो ते दाबकेंद्र मागे असते. डार्ट तिरका झाला की हवा मागच्या भागाला ढकलून त्याला पुन्हा प्रवासाच्या दिशेत आणते. बॅडमिंटनच्या फुलाचे तेच आहे. १६ पिसांच्या त्या फुलाचे वजन जेमतेम ५ ग्रॅम, पण रॅकेटने कसेही उलटे मारले तरी क्षणात बूच पुढे आणि पिसे मागे होतात. पहिल्या महायुद्धात विमानांतून खाली टाकली जाणारी पेन्सिलीएवढी पोलादी टोकदार शस्त्रे होती, त्यांना फ्लेशेट म्हणत, म्हणजे छोटा बाण. त्यांच्या मागच्या अर्ध्या भागात उभ्या खाचा पाडून पोलाद काढून टाकलेले असे. शेपूट हलकी झाली की वजन आपोआप पुढे सरकते आणि उरलेल्या कडा पंखांचे काम करतात. फोमच्या डार्टची पोकळ शेपूट ही त्याच उपायाची मवाळ आवृत्ती आहे.

पण फोमच्या डार्टला पंख नसतात, आणि इथेच तो बाणापेक्षा किंवा बॅडमिंटनच्या फुलापेक्षा लंगडा पडतो. बिनपंखी दांडी थोडीशीच तिरकी झाली तर हवेचा आडवा रेटा मुख्यतः टोकापाशी लागतो आणि तिरकेपणा कमी न होता वाढतो. तिरकेपणा बराच वाढला की हवा अख्ख्या अंगावर आडवी आदळू लागते, रेट्याचा मध्य मागे सरकून लांबीच्या निम्म्याशी येतो, आणि गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर डार्ट पुन्हा सरळ होऊ लागतो. म्हणजे हा डार्ट अगदी सरळ असताना जरा अस्थिर असतो आणि पुरेसा वाकडा झाल्यावरच सावरतो, त्यामुळे तो सगळी वाट मासोळीसारखी शेपूट हलवत जातो. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या संथ चित्रणात हे स्पष्ट दिसले; दोन-अडीच मीटरमागे शेपटीचा एक पूर्ण हेलकावा होत होता. टोक गोल घुमटाचे असले तर पुढचा रेटा वाढतो आणि हा दोष बळावतो. सपाट टोकाच्या कडेवर हवा सुटी होते, त्यामुळे टोकाचा आडवा रेटा घटतो. म्हणून दिसायला बोथट असणारा सपाट टोकाचा डार्ट गोल टोकाच्या डार्टपेक्षा चांगला उडतो, हे दुकानात निवड करताना लक्षात ठेवावे.

गुरुत्वमध्य तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. पोळपाटावर स्टीलची पट्टी उभी धरून तिच्या धारेवर आम्ही एकेक डार्ट आडवा तोलला आणि तोल साधला तिथे रेघ मारली. खोक्यातल्या २४ पैकी १५ डार्टांची रेघ टोकापासून २४ ते २६ मिलिमीटरवर आली, म्हणजे मध्यापासून १० ते १२ मिलिमीटर पुढे. हौशी रॉकेटे बनवणाऱ्यांचा एक जुना नियम आहे की दाबकेंद्रापासून गुरुत्वमध्य निदान रॉकेटच्या एका जाडीइतका पुढे असावा. आमचे बरे डार्टसुद्धा या नियमात काठावर नापास होत होते. उरलेल्या नऊंची रेघ ३० ते ३३ मिलिमीटरवर होती, कारण त्यांचे टोक हलके निघाले किंवा शेपटीच्या पोकळीत डिंकाचे गोळे राहून गेलेले. मनोऱ्यापुढे गटांगळ्या खाल्लेला डार्ट यांतलाच होता. नातीने त्या सगळ्यांवर लाल फुली मारली.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. डार्ट टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने हळूच लोळवायचा. टोक अंगाशी मधोमध चिकटवलेले असेल तर तो शांतपणे लोळतो. जरा बाजूला चिकटवलेले असेल तर टोक वर-खाली उचकते. उचकणारा डार्ट प्रत्येक वेळी आपल्या वाकड्या अंगाकडे झुकत जातो आणि त्याचा ठिपका तो खुंटीवर कसा बसवला त्याप्रमाणे कधी डावीकडे, कधी वर, कधी उजवीकडे पडतो. चोवीसांत असे सहा निघाले, त्यांतले तीन आधीच्या फुलीवाल्यांतलेच. थोडक्यात, खोक्यातून भरवशाचे म्हणावेत असे बारा डार्ट मिळाले. १,४०० रुपये मोजल्यावर हे प्रमाण मला मान्य नाही आणि या खरेदीतली माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुकानात जाऊन मी फुल्या मारलेले डार्ट काउंटरवर ठेवले. दुकानदारांनी वाद न घालता तीन लोळवून पाहिले आणि म्हणाले, "काका, बंदूक बदलून दिली तरी आत हेच डार्ट असणार. त्यापेक्षा हे सुटे घेऊन बघा." त्यांनी सपाट टोकाचे, टोकावर खाचा असलेले १२ डार्ट निम्म्या किमतीत दिले. ही वागणूक मला सरळ वाटली. नव्या डार्टांचे टोक अधिक जड आहे, तोलाची रेघ २० मिलिमीटरच्या आसपास येते, आणि बाराच्या बारा डार्टांचे ठिपके पहिल्या नळीतून ७ मीटरवर परातीऐवजी नाश्त्याच्या बशीत मावले. संथ चित्रणात शेपूट अजूनही हलते, पण पहिल्या दोन हेलकाव्यांनंतर हेलकावा हलका पडत जातो. जड टोकामुळे सुटताना वेग थोडा कमी असतो, मात्र हलक्या डार्टइतक्या लवकर तो उतरत नाही, त्यामुळे १० मीटरच्या पुढे दोघांची बरोबरी होते.

याच ठिकाणी कडक स्प्रिंगबद्दल लिहितो, कारण बाजारात ती वेगळी मिळते आणि मुलांना तिचे आकर्षण असते. स्प्रिंग कडक केली की डार्ट जोरात सुटतो हे खरे, पण त्याने हेलकावा सुटत नाही. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हेलकावाही वेगाच्याच प्रमाणात जलद होतो, आणि एका हेलकाव्यात कापलेले अंतर जवळजवळ पूर्वीइतकेच राहते. वाकडा डार्ट वाकड्या वाटेनेच जातो, फक्त लवकर पोहोचतो. शिवाय इतक्या आखूड नळीत जास्तीची हवा डार्ट तोंडाबाहेर पडल्यावरही मागून फुंकत राहते. मागून आलेला हा झोत डार्टला ओलांडून पुढे जात असतो, तेवढ्यापुरता वारा उलट्या बाजूने लागतो आणि सावरणारी शेपूट त्या क्षणी पाडणारी शेपूट ठरते. खऱ्या तोफांच्या तोंडाशीही धगधगता वायू गोळ्याला गाठून हाच उपद्रव करतो. खेळण्याच्या सुरक्षिततेचा हिशेबही मूळ स्प्रिंग धरूनच केलेला असतो, म्हणून मी ती बदललेली नाही आणि कोणी बदलू नये.

आता त्या खटक्याविषयी. सहाही डार्ट एकदम सोडण्याचा प्रयोग आम्ही वीस वेळा केला, आणि मुलांना तो कितीही आवडला तरी माझे मत प्रतिकूल आहे. पिस्टनमागे हवा तेवढीच असते आणि ती सहा जणांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. त्यातही वाटणी सारखी होत नाही. ज्या नळीत डार्ट सैल बसलेला असतो तो आधी निसटतो, आणि तो गेला की ती रिकामी नळी म्हणजे टायरला पडलेले भोकच. उरलेली हवा तिथून निघून जाते आणि घट्ट बसलेले डार्ट नळीच्या तोंडाशी जेमतेम येऊन घरंगळतात. वीस प्रयोगांत सहाही डार्ट ४ मीटरच्या पुढे गेले असे तीनदाच झाले. संथ चित्रणात आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. शेजारच्या नळीतून निघालेला हवेचा झोत पसरतो आणि मागे राहिलेल्या डार्टच्या शेपटीला बाजूने ढकलतो. बाहेरच्या अंगाला फेकल्या गेलेल्या शेपट्या एकाच वेळी फुलाच्या पाकळ्यांसारख्या उमलताना दिसल्या आणि पुढच्या मीटरभरात सगळे डार्ट आतल्या बाजूला वळून एकमेकांवर आपटले. नातीने ते चित्रण चार वेळा मागे-पुढे करून पाहिले.

मोठ्या यंत्रांतही अनेक नळ्या असल्या तरी सहसा एका वेळी एकच बोलते. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पिनाका रॉकेट प्रणालीत एका वाहनावर १२ नळ्या असतात आणि बाराही रॉकेटे ४४ सेकंदांत जातात, पण जातात ती एकामागून एक. रिचर्ड गॅटलिंग यांनी १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या फिरत्या नळ्यांच्या बंदुकीतही प्रत्येक नळीची पाळी ठरलेली होती. आजच्या सहा नळ्यांच्या विमानी तोफा मिनिटाला ६,००० गोळ्या झाडतात, म्हणजे नळ्यांचा जुडगा मिनिटाला १,००० फेरे घेतो, आणि गोळी सुटताना नळी स्वतःच बाजूला सरकत असल्यामुळे गोळीला पुढच्या वेगाबरोबर थोडा आडवा वेगही मिळतो, तो नेम लावताना धरावा लागतो. आमच्या खेळण्यात पिंप दांडा ओढताना फिरते आणि घोडा ओढताना पूर्ण थांबलेले असते. ही रचना करणाऱ्याने नीट विचार केला आहे, कारण फिरत्या पिंपातून सुटलेला एवढा सावकाश डार्ट त्या आडव्या धक्क्याने नक्की भरकटला असता.

दुकानदारांनी एक जोडणीही दाखवली होती: नळीच्या तोंडाला लावायचा, आत सर्पिल खाचा असलेला प्लास्टिकचा तुकडा, किंमत १५० रुपये. गोळीला गिरकी दिली की ती सरळ जाते हे सर्वांनी ऐकलेले असते, म्हणून हा तुकडा खपतो. मी तो घेऊन पाहिला. गिरकीने सावरण्याचा उपाय आखूड, जाड वस्तूला लागू पडतो. लांबी जाडीच्या पाच-सहा पटींच्या पुढे गेली की गिरकी पुरेनाशी होते आणि पंखांचीच गरज लागते. म्हणून तर अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटरच्या तोफेत नळीला सर्पिल खाचा असूनही तिच्यातून सुटणाऱ्या लांब, पंखवाल्या बाणाला ती गिरकी फारशी लागू नये म्हणून त्याच्याभोवतीचा पट्टा घसरता ठेवतात. अमेरिकी लष्कराने १९६० च्या दशकात सुईसारखे पोलादी बाण सोडणारी रायफल करून पाहिली, आणि त्या बाणाला नळीत धरून ठेवणारे कवच सुटताना होणारा धक्का ही तिथली एक मोठी डोकेदुखी होती. कवचाचे तुकडे जरा मागे-पुढे सुटले तरी हलका बाण वळतो. आपल्या डार्टला कवच नाही, पण नळीच्या तोंडाशी होणारा शेवटचा स्पर्श तोच परिणाम करतो.

तरीही तुकडा अगदीच निकामी नाही. सावकाश गिरकीचा फायदा वेगळा आहे. वाकडे टोक एकाच बाजूला ओढत न राहता आळीपाळीने सगळ्या बाजूंना ओढते आणि चूक बरीचशी आपसांत फिटते. जरा उचकणारे डार्ट या तुकड्यामुळे खरोखर सुधारले. परातीतले ठिपके ताटात आले. पण फार उचकणारे दोन डार्ट उलट बिघडले, चक्राकार घुसळत गेले. गिरकीचा वेग आणि शेपटीच्या हेलकाव्याचा वेग जुळला की झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे होते आणि हेलकावा वाढत जातो. चांगल्या सपाट टोकाच्या डार्टांत तुकड्याने काही फरक पडला नाही, उलट नळीच्या तोंडाशी घासल्याने त्यांचा वेग उतरला. माझ्या मते हे १५० रुपये आणखी डार्टांवर खर्च करावेत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर एक गोष्ट अनपेक्षितपणे समजली. पार्किंगच्या गटारापाशी साचलेल्या पाण्यात एक चांगला, बिनफुलीचा डार्ट पडला. मुलाने तो उचलून झटकला आणि पुन्हा बसवला. डार्ट तीन मीटरही सरळ गेला नाही, आडवा होऊन भेलकांडला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मी तो हातात घेऊन शेपूट तळहातावर आपटली तेव्हा पोकळीतून पाण्याचे तीन-चार थेंब पडले. काट्यावर ओला आणि सुका फरक ०.२ ग्रॅम निघाला. एवढेसे पाणी, पण ते अगदी मागच्या टोकाला, म्हणून तोलाची रेघ बरीच मागे सरकलेली. सुकवल्यावर तोच डार्ट पूर्ववत जाऊ लागला. डार्ट पिशवीत दाबून भरले तरी असेच नुकसान होते: शेपटीचे गोल तोंड चपटे होते, खुंटीवर नीट बसत नाही आणि हवा एका बाजूने गळते. आम्ही ते आता रिकाम्या चकलीच्या डब्यात उभे ठेवतो, टोके खाली करून.

खोक्यावर ३० मीटर पल्ला छापला आहे. बंदूक बरीच वर उचलून धरली तर गच्चीवर एखादा डार्ट २० मीटरच्या पलीकडे पडला. आडवी धरून ९ ते १० मीटरनंतर नेमाला अर्थ राहत नाही. इतका हलका डार्ट हवेच्या विरोधाने फार लवकर मंदावतो, हे निर्मात्याला ठाऊक असणारच. पल्ल्याचा आकडा छापताना तो कोणत्या कोनात मिळतो हेही छापायला हवे होते. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे याची मी खात्री करून घेतली. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे, आणि ज्या आयएस ९८७३ मानकानुसार ते दिले जाते त्यात काहीतरी फेकणाऱ्या खेळण्यांसाठी स्वतंत्र अटी आहेत. दोन दुकानांत याच साच्याची, चिन्ह नसलेली बंदूक चारशे रुपयांनी स्वस्त मिळत होती. ती घेऊ नये. डोळ्यांवर साधा प्लास्टिकचा चष्मा लावल्याशिवाय आमच्या इमारतीत कोणाला खेळू दिले जात नाही.

घ्यावी का, असे शेजारच्या दोघांनी विचारले. आठ वर्षांवरच्या मुलासाठी, सुट्या सपाट टोकाच्या डार्टांचे पैसे वेगळे धरून, जरूर घ्यावी. एकेक डार्ट सोडण्याची यंत्रणा चांगली आहे, प्लास्टिक भक्कम आहे, सहा महिन्यांत पिस्टनभोवतीची रबरी कडी (ओ-रिंग) एकदाच वंगणावी लागली. केवळ सहा एकदम सुटतात म्हणून घेणार असाल तर घेऊ नये. दुकानातून निघण्याआधी सहाही नळ्यांत टॉर्च मारून खुंट्या सरळ आहेत का ते पाहावे, आणि डार्टचे एक पाकीट काउंटरच्या काचेवर लोळवून बघू देण्याची विनंती करावी. आमच्या दुकानदारांनी आता त्यासाठी काउंटरवर काचेचा एक तुकडा वेगळा ठेवला आहे. तिसरी नळी आम्ही रिकामी ठेवतो. मनोऱ्यापुढे नात हल्ली पाच डार्ट भरते, प्रत्येक डार्ट बसवण्याआधी बोटावर तोलते, आणि गेल्या रविवारी पाचांपैकी चार डार्टांनी तिचा मनोरा पडला.